घासून न निघणारं

बाईंनी पहिला प्रश्न मला विचारलाच नाही. आईला विचारला.

"हिची मान कशानं घासली?"

आई गडबडली. आम्ही सापगावाहून शहापुरात आलो होतो ते माझी पाळी महिनोन्‌महिने येत नव्हती म्हणून. परक्या माणसासमोर हे कसं बोलायचं, याची आई रिक्षात बसल्यापासून मनातल्या मनात तयारी करत होती आणि ही डॉक्टरीण भलतंच विचारत होती.

"नारळाच्या शेंडीनं," आई म्हणाली. "मळ बसलाय ना. लिंबू चोळून घासते तरी निघत नाय. पोरीची जात, उद्या बघायला येतील लोकं."

"निघनार नाय. तो मळ नाय."

बाईंनी माझी वेणी बाजूला केली आणि सोललेल्या जागेवर बोटाच्या टोकाने मलम लावलं. हात इतका हलका होता की मला रडूच आलं. मग आईकडे न बघता त्या म्हणाल्या, "शेंडी आजपास्नं भांड्यांना."

मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. आज बाईंबद्दल लिहायला बसले की सगळ्यात आधी मानेवरचं ते बोट आठवतं.

बाई मुरबाडकडच्या खेड्यातल्या. घरची भातशेती. गावातली डॉक्टर झालेली पहिली मुलगी. मुंबईत शिकून परत आल्या तरी बोलणं घरचंच ठेवलं. कोणी शहरी पेशंट आला तर त्याच्याशी शुद्ध बोलायच्या, पण ते त्यांना नवी चप्पल घातल्यासारखं चावायचं. लग्न केलं नव्हतं. बाजारात त्यांचा दवाखाना विचारला तर लोक पत्ता सांगण्याआधी वरच्या ओठावरून बोट फिरवायचे. बाईंना मिशी होती. हनुवटीवर राठ केसही होते. त्या ते काढत नसत, झाकत नसत.

एकदा दवाखान्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी धीर करून विचारलं होतं, "डॉक्टर असून तुमी याच्यावर काय उपाय नाय करत?" बाई त्यांचं ब्लडप्रेशर बघत होत्या. पंप दाबता दाबता म्हणाल्या, "तुमची पांढरी झाली काका, माझी अजून काळी हाय. जळताय कशाला?"

मी दर आठवड्याला पार्लरमध्ये दोऱ्याने ओठ आणि हनुवटी करून घ्यायचे, आणि घरी सांगायचे की मैत्रिणीकडे जाते. बाईंचा चेहरा बघितला आणि वाटलं, या बाईला लपवायचं असं काहीच नाही. त्या दिवशी मी आईसमोर कधी बोलले नव्हते ते सगळं बोलून टाकलं.

अर्थात, ते खोलीत नाही. बाईंच्या खोलीत फार कमी बोलणं व्हायचं. नाडी, वजन, कंबरेला शिंप्याची टेप, ब्लडप्रेशर. सोबत आलेल्या सासूचं, आईचं, नवऱ्याचंही ब्लडप्रेशर बघायच्या, त्यांना हवं असो वा नसो. मग चपला घालून मागच्या दाराकडे निघायच्या. "चल गो, पाय मोकळे करू." पेशंटला घेऊन मागच्या गल्लीतून नदीच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं, अशी त्यांची पद्धत. सासू बाकावर बसून राहायची. बाईंचं म्हणणं असं, की टेबलाच्या पलीकडे बसलेली बाई खोटं बोलते आणि शेजारी चालणारी बाई खरं बोलते, कारण तिला तोंडाकडे बघावं लागत नाही. शहापूरला याची इतकी सवय झाली होती की पुलावरचा भाजीवाला बाई आणि कोणी पोरगी येताना दिसली की मुद्दाम पाठ करून भाजीवर पाणी मारायला लागायचा.

मला बाईंनी दिली मधुमेहाची गोळी. औषधाच्या दुकानात आईने ते ऐकलं मात्र, तिने पिशवी तिथेच ठेवली आणि मला ओढत परत दवाखान्यात आणलं.

"साखरेची गोळी? आमच्या पोरीला साखर नाय! रिपोर्टमदी हाय काय साखर?"

"नाय," बाई म्हणाल्या.

"मंग?"

"बस."

बाईंनी तिला सांगितलं ते मी पुढे कितीतरी जणींना सांगितलेलं ऐकलं, म्हणून पाठ झालंय. रक्तातली साखर अंगाच्या घरात घ्यायला इन्सुलिन लागतं. हिच्या अंगात इन्सुलिन हाय, भरपूर हाय, पन अंग दार उघडत नाय. मंग ते आनखी येतं, आनखी दार वाजवतं. त्या गोंगाटात बीजकोश बिचकतात, पाळी चुकते, तोंडावर केस येतात, मानेची कातडी काळी पडते. पीसीओडी म्हना, पीसीओएस म्हना. ही गोळी दार जरा किलकिलं करते, म्हनून देते. साखर झाली म्हनून नाय.

"पोर व्हईल ना पन हिला?" आईने विचारलं. सगळ्या आया शेवटी तिथेच यायच्या.

"बहुतेक व्हईल. पन मी त्याच्यासाठी देत नाय." बाईंनी दाराबाहेर बघितलं. "तुमच्या खळ्यावर भाताचं तूस पेटवता ना? वरून राख दिसते, गार दिसते. आत धुमसतंय ते पाय पडल्यावर कळतं. हिच्यासारख्या पोरींच्या रक्ताच्या नळ्या आतून तशा धुमसतात. बारीक सूज. दुखत नाय, दिसत नाय. मला ती धग नको."

"गोळीनं इझते?"

दुसरा कोणताही डॉक्टर हो म्हणाला असता. बाई म्हणाल्या, "कमी व्हते असं दिसतं. पन गोळीनं किती, चालन्यानं किती, वजन उतरल्यानं किती, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाय. जानत्यांचंच एकमत नाय. म्हनून सगळंच करायचं."

या असल्या उत्तरांमुळे बाईंचे पेशंट तुटायचे. 'डॉक्टरलाच ठाऊक नाय' म्हणत लोक उठून कल्याणला जायचे. आईही बहुतेक गेली असती. तेवढ्यात दाराबाहेरच्या आरामखुर्चीतून एक खणखणीत आवाज आला, "मेली!"

आई दचकली. खुर्चीत एक स्थूल, वयस्क बाई बसली होती. उजवा हात मांडीवर मेलेल्या पाखरासारखा पडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. ती माझ्याकडे बघून हसत होती.

"माझी बहीन," बाई म्हणाल्या. "लकवा झाल्यापास्नं बोलनं गेलं. शिव्या तेवढ्या ऱ्हायल्यात. तशा ऱ्हातात कधीकधी. तुला 'ये बाय' म्हनतेय ती."

सगळ्या तिला मोठी ताय म्हणायच्या. तिच्या 'मेली'चे इतके सूर होते की आम्ही हळूहळू भाषाच शिकलो. भूक लागली की एक, लाड करायचा की एक, आणि बाई जेवायला उशीर करत असल्या की एक फार कडक. त्या तिसऱ्या 'मेली'ला बाई घाबरायच्या. हातातला पेशंट संपवून मुकाट ताटावर बसायच्या, जेवणाच्या मधोमध स्वतःची गोळी घ्यायच्या, आणि बाकावरच्या पोरींना गोळी उंच धरून दाखवायच्या. "ही बघा. तुमचीच बहीन. उपाशीपोटी घेतली तर पोट ढवळतं, म्हनून भातात लपवायची."

पुढे वर्षभराने माझं लग्न मुरबाडच्या एका मुलाशी ठरत आलं. मुलगा चांगला होता, कंपनीत कामाला. आईने गोळ्यांचं पाकीट तांदळाच्या डब्यात खुपसलं आणि मला बजावलं, लग्नापर्यंत बंद. मी बाईंना विचारायला गेले. त्या सांगतील तुझ्या सासरी मी बोलते, असं मला वाटलं होतं. पुलावर उभं राहून त्यांनी फक्त विचारलं, "तुला कसं ऱ्हायचंय त्या घरात? लपून का दिसून?"

"तुमी सांगा ना त्यांना."

"मी नाय सांगनार. अंग तुझं हाय."

मी सांगितलं. मुलाने सगळं ऐकून घेतलं, हो हो म्हणाला. दोन दिवसांनी त्याच्या मामाचा फोन आला की पत्रिका नीट जुळत नाही. पत्रिका आधीच जुळलेली होती.

आई दवाखान्यात जाऊन बाईंवर तुटून पडली. बाकावरच्या बायका ऐकत होत्या. "तुमच्या गोळीनं माझ्या पोरीचं लगीन मोडलं! तुमाला काय, ना नवरा ना पोर! तुमाला काय कळनार?" मी आईचा हात ओढत होते. बाईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. चपला घातल्या. आईला म्हणाल्या, "चल गो बाय, पाय मोकळे करू."

आणि आई गेली. का गेली कोण जाणे. त्या दोघी खूप वेळ आल्या नाहीत. मी मोठ्या तायजवळ बसून राहिले. तिने डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवला होता आणि अगदी हळू, पुन्हा पुन्हा म्हणत होती, "मेली... मेली..."

परत आली तेव्हा आईचे डोळे सुजलेले होते. ती सरळ मोठ्या तायकडे गेली, तिच्यासमोर उकिडवी बसली, तिचा पदर जरासा सरकवून मान बघितली. ती मान काळी होती, आणि काळ्यावर जुने, पांढरे पडलेले ओरखडे होते.

पुलावर बाईंनी काय सांगितलं ते आईने मला त्या संध्याकाळी चुलीपाशी सांगितलं. मोठ्या तायचं लग्न लवकर झालं होतं. पाळी धड नव्हती, मूल झालं नाही. सासरी देवदेव झाले, मग मारहाण झाली, मग एक दिवस नवरा तिला माहेरच्या अंगणात सोडून गेला आणि दुसरी बायको केली. बाई तेव्हा मुंबईत डॉक्टरकी शिकत होत्या. सुट्टीला आल्या की स्वतःच्या आईसोबत त्याही मोठ्या तायची मान घासायच्या. शेंडीनेच. "पुस्तकात लिवलेलं होतं," त्या माझ्या आईला म्हणाल्या होत्या. "परीक्षेत उत्तर लिवून आलेले मी. पन चित्रातली मान परदेशातल्या गोऱ्या बाईची. घरात समोर बसलेल्या मानेशी ते जुळवलंच नाय." पुढे सगळे म्हणाले, आता तिला कुठं मूल व्हायचंय, कशाला दवापाणी? कोणी तिचं रक्त तपासलं नाही, ब्लडप्रेशर बघितलं नाही. भरल्या शेतात, भाताच्या आवणीच्या दिवसांत, हातात रोपांची जुडी असताना ती चिखलात कोसळली. चाळिशी नुकतीच उलटली होती.

"पोरासाठी तपासतात गो बाईला," आई चुलीतलं लाकूड मागे ओढत म्हणाली. "बाईसाठी कोन तपासतंय?" दुसऱ्या दिवशी तिने तांदळाच्या डब्यातून पाकीट काढून देव्हाऱ्याशेजारी ठेवलं, सगळ्यांना दिसेल असं. आणि आठवड्याने स्वतःचं रक्त द्यायला गेली. साखर तिला निघाली.

पदवी झाल्यावर मी बाईंच्याच दवाखान्यात कामाला लागले. पेशंटची नावं घेणं, वजन करणं, मोठ्या तायला जेवू घालणं. त्यामुळे बाईंचे तऱ्हेवाईक प्रकार रोजच बघायला मिळाले. मूल झालं की बायका गोळी, चालणं, तपासणी, सगळं सोडून द्यायच्या, आणि बाईंचा खरा राग तिथे होता. अशी एखादी बाजारात दिसली की भर गर्दीत हाक मारायच्या, "बारशाचे पेढे दिलेस, रक्त कवा देनार?" ती बिचारी मुलाला कडेवर घेऊन मटणाच्या दुकानाआड लपायची. एकदा शेणवे गावच्या एका सुनेला चालायला जायची सासऱ्यांची परवानगी नव्हती. बाईंनी सासऱ्यांनाच बोलावलं, त्यांची साखर तपासली, आणि सांगितलं की तुम्हाला रोज चालावं लागेल, पण एकटं नाही, पडलात तर? सोबत सून पाहिजे. सासरे पुढे वर्षानुवर्षं सुनेला हाक मारून फिरायला न्यायचे. त्या तिघांपैकी दोघींनाच खरं माहीत होतं.

माझं लग्नही झालं, उशिरा. त्याला मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तो म्हणाला, "माझ्या आईला साखर हाय, मला गोळ्यांची भीती नाय." मुलगी झाली. पेढे घेऊन गेले तर बाईंनी पेढा मोठ्या तायला भरवला आणि मला म्हणाल्या, "हात पुढं कर." सुई तयारच ठेवली होती.

मोठी ताय गेली ती परवाच्या उन्हाळ्यात, खुर्चीतच, जेवण झाल्यावर. बाई आत पेशंट बघत होत्या. त्यांनी नाडी बघितली, डोळे मिटवले, तिचा लुळा हात उचलून तिच्या पोटावर नीट ठेवला. मग आत जाऊन अर्धवट राहिलेल्या पेशंटला चिठ्ठी लिहून दिली. कशी खायची तेही समजावलं. ती मुलगी गेल्यावर मात्र त्यांनी मला विचारलं, "आता काय करायचं असतं गो?" इतक्या मरणांना उभी राहिलेली बाई, आणि तिला खरंच सुचत नव्हतं.

तेरावं त्यांच्या गावी होतं, भावाच्या घरी. मी आणि आई गेलो. पंगती बसायच्या आधी अंगणात एकदम शांतता पसरली. मोठ्या तायचा नवरा आला होता. म्हातारा झाला होता, काठी होती. मागे त्याची दुसरी बायको, आणि तिच्या मागे भिंतीला चिकटून एक वीस-बावीस वर्षांची मुलगी. बाईंचा भाऊ बाह्या सरसावून उठला. बाईंनी त्याच्या दंडावर हात ठेवला. तायच्या नवऱ्याशी त्या पस्तीसेक वर्षांत एक शब्द बोलल्या नव्हत्या, आणि त्या दिवशीही बोलायचं नाही असं ठरवून स्वयंपाकघरात निघून आल्या.

दुसरी बायको त्यांच्या मागोमाग आत आली. मी आणि आई वड्याचं पीठ मळत होतो. ती दारातच उभी राहिली.

"मला बोलायला तोंड नाय," ती म्हणाली. "तुमच्या बहिनीच्या जागंवर मी आले. मला तवा कोनी इचारलं नवतं."

बाईंनी चुलीत लाकूड सारलं.

"माझी ही पोर. सहा-सहा महिने तिला... नसतंच. अंग सुटलंय. हे म्हनतात हिला तुमच्या बहिनीचा तळतळाट लागला. मांत्रिकाकडं नेतो म्हनतात." तिने पदर तोंडाला लावला. "तुमी बघता का हिला?"

आईचे हात पिठातच थांबले. बाई चुलीकडे बघत राहिल्या. कढईतलं तेल तापून धूर यायला लागला, तेव्हा आईने उठून ती उतरवली.

"तळतळाट?" बाई शेवटी म्हणाल्या. "माझ्या तायला कोनाचं वाईट चिंतायचं म्हनजे अवघडच. तिला एवढंसुद्धा जमायचं नाय." मग त्या दाराकडे गेल्या, बाहेर उभ्या मुलीला हाताने बोलावलं, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि म्हणाल्या, "घाबरू नको. लई जनींना असतं. मलाबी हाय. उद्या सकाळी उपाशीपोटी शहापूरला ये. आईला आन." मग अंगणाकडे बघितलं. "आनि बापाला. हे रक्तातनं कोनाकडनं आलंय ते बघायचं तर त्याचंबी रक्त लागेल."

मला वाटलं, तो येणार नाही. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी तिघंही पायरीवर बसलेले होते.

मुलीला बाई पुलाकडे घेऊन गेल्या. परत आल्या तेव्हा मुलगी नाक पुसत होती आणि हसतही होती. मोठ्या तायलाही हेच होतं, हे तिने आईबापाला सांगितलं. एरवी रक्त काढायचं काम मी करायचे. मी ट्रे घेऊन पुढे झाले तर बाईंनी तो माझ्या हातातून घेतला. म्हाताऱ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. त्याने बाही वर केली. शीर सापडत नव्हती. बाई बोटाने चाचपत राहिल्या, घाई केली नाही, एकाच टोचण्यात नेमकी शीर घेतली.

"भावजी, मूठ सोडा," त्या म्हणाल्या.

त्याने मूठ सोडली आणि मान खाली घातली. "मला ठाऊक नवतं," तो म्हणाला. "मी तिलाच वांझ म्हनलो. मला ठाऊक नवतं."

"कोनालाच नवतं," बाई म्हणाल्या. "मलाबी नवतं."

सुई काढून त्यांनी कापूस लावला. तो एरवी पेशंटलाच धरायला सांगतात. पण बाईंनी सांगितलं नाही. रक्त कधीच थांबलं होतं, तरी त्या आपला अंगठा त्या कापसावर दाबून तशाच बसून राहिल्या.